टाके निघाल्यानंतर : वाचकांची पत्रं आणि उत्तरं

गेल्या अंकात दुभंगलेला ओठ आणि दुभंगलेली टाळू (म्हणजे तोंडाच्या आतलं छत) यांच्या ऑपरेशनवर एका प्लास्टिक सर्जनांचा लेख होता. तो वाचून आलेली पत्रं संपादकांनी माझ्याकडे पाठवली, कारण ऑपरेशन कसं करतात हे त्यात जवळजवळ कुणी विचारलेलंच नाही. विचारलंय ते त्यानंतरचं: बोलणं, ऐकणं, आरसा, शाळा, नोकरी, लग्नानंतरचं मूल. मी स्पीच थेरपिस्ट आहे आणि माझं बहुतेक काम याच मुलांबरोबर चालतं, हल्ली मोठ्या माणसांबरोबरही. जगात साधारण ७०० जन्मांमागे एका बाळाचा ओठ किंवा टाळू किंवा दोन्ही दुभंगलेले असतात. त्यामुळे ज्यांनी पत्रं लिहिली त्यांच्यामागे न लिहिणारे खूप असणार, हे मनात धरून उत्तरं देते आहे. नावं अर्थातच छापलेली नाहीत.

“मुलगा चार वर्षांचा आहे. टाळूचं ऑपरेशन तो वर्षाचा असताना झालं. बडबड खूप करतो, पण घराबाहेर कुणाला काही कळत नाही. बाबांना ‘मामा’ म्हणतो. रोज फुगे फुगवून घेते, पिपाणी वाजवून घेते. सगळे म्हणतात, मोठा झाला की सुधारेल. आम्ही ऑपरेशनला उशीर केला का?”

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देते, कारण तुमची झोप त्यानेच उडवली असणार. उशीर केला नाहीत. २०२३ मध्ये एका मोठ्या अभ्यासाचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. फक्त टाळू दुभंगलेल्या ५५८ बाळांपैकी साधारण निम्म्यांची टाळू सहाव्या महिन्यात शिवली, बाकीच्यांची बाराव्या. मुलं पाच वर्षांची झाल्यावर त्यांचं बोलणं तपासलं. सहाव्या महिन्याच्या गटात शंभरातल्या सुमारे ९ मुलांची टाळू बोलताना पुरेशी बंद होत नव्हती, बाराव्या महिन्याच्या गटात १५ जणांची. लवकर केलेलं थोडं सरस ठरलं हे खरं, पण वर्षाच्या वयात ऑपरेशन झालेल्या शंभरातल्या ८५ मुलांचं कामही व्यवस्थित चाललेलं होतं. तुमच्या मुलाच्या बाबतीत जे झालं ते त्या तारखेमुळेच झालं, असं कुणीही छातीठोकपणे सांगू शकणार नाही. तुम्हीही स्वतःला ते सांगू नका.

आता ‘मामा’. ब म्हणताना ओठ मिटतात, तोंडात हवा दाटते आणि ओठ उघडताच ती सुटते. त्याच वेळी टाळूचा मागचा मऊ भाग वर उचलला जाऊन घशाच्या मागच्या भिंतीला टेकावा लागतो, म्हणजे नाकाची वाट बंद होते. ती वाट उघडी राहिली की हवा नाकात निसटते आणि ओठांनी अगदी बरोबर केलेला ब ऐकणाऱ्याला म वाटतो. तुमचा मुलगा ‘बाबा’च म्हणतोय. हे त्याच्या बाबांना आज संध्याकाळीच सांगा. ते त्यांनी ऐकणं फार गरजेचं आहे.

माझ्याकडे एक लहान चपटा आरसा असतो. मूल समोर बसलं की तो त्याच्या नाकाखाली आडवा धरते आणि ‘पोपट’, ‘टोपी’, ‘काका’ असे शब्द म्हणून घेते. या शब्दांत म, न, ण नाहीत, म्हणजे बोलताना नाकातून हवा यायचं कारण नाही. तरी काचेवर वाफेचे डाग धरले, तर हवा कुठून तरी निसटतेय. मग ती टाळू आखूड पडल्यामुळे निसटते, की शिवलेल्या जागी राहिलेल्या बारीक भोकातून, हे पुढे शोधायचं. नाकातून पातळ कॅमेरा घालून, मूल बोलत असतानाच टाळूची हालचाल पाहता येते. चार वर्षांची कित्येक मुलं थोडी तयारी करून घेतली तर ही तपासणी सहन करतात, पडद्यावर स्वतःचा घसा बघून खूश होणारीही असतात.

ही तपासणी अशासाठी, की अस्पष्ट बोलण्याची दोन कारणं असतात आणि त्यांचे उपाय पूर्ण वेगळे आहेत. एक रचनेचं: टाळू पोचतच नाही. त्यावर कितीही सराव केला तरी हवा निसटणारच, तिथे दुसरं ऑपरेशन किंवा टाळूला आधार देणारी प्लेट लागते. दुसरं सवयीचं: हवा तोंडात टिकत नव्हती त्या काळात मुलाने स्वतःच पळवाट शोधलेली असते, क आणि त हे आवाज घशात खालीच अडवून काढायला तो शिकलेला असतो. ही सवय ऑपरेशनने जात नाही, ती थेरपीनेच जाते. अनेक मुलांत दोन्ही एकत्र असतात. म्हणून सर्जन आणि थेरपिस्ट यांनी मुलाला एकत्र बघावं असा माझा आग्रह असतो.

फुगे आणि पिपाणी आजपासून बंद केलीत तरी चालेल. फुंकर मारताना टाळू मिटते ती आणि बोलताना मिटते ती, या वेगळ्या हालचाली आहेत. फुगा टम्म फुगवणारं मूल लगेच पुढचा शब्द नाकातून बोलतं, हे मी रोज बघते. अशा व्यायामांनी बोलणं सुधारतं असं अभ्यासांत दिसलेलं नाही. तो वेळ त्याच्याशी गप्पा मारण्यात घालवा. तो “मामा आला” म्हणाला की “नीट म्हण” असं न सांगता आपण “हो, बाबा आला!” एवढंच म्हणायचं. बरोबर शब्द त्याच्या कानावर पडतो आणि त्याची गोष्टही मधेच तुटत नाही.

पत्रात कानांविषयी एक अक्षर नाही, म्हणून मला काळजी वाटली. टाळूचे स्नायू नाकाच्या मागून कानाकडे जाणारी नळी उघडायचं कामही करतात. टाळू दुभंगलेली असेल तर ते काम अर्धवट होतं आणि कानाच्या पडद्यामागे पाणी साठतं. टाळूच्या मुलांत हे इतकं सर्रास आढळतं, की ते आहेच असं धरून तपासावं. कान दुखत नाही, वाहत नाही, फक्त कमी ऐकू येतं. त्यातही एक दिवस बरं, एक दिवस वाईट, त्यामुळे मूल ‘लक्ष देत नाही’ असं घरच्यांना वाटत राहतं. बहुतेकांचं वयाबरोबर सुधारतं, काहींना पडद्यात ग्रोमेटची बारीक नळी बसवावी लागते. स्पीच थेरपीच्या आधी ऐकण्याची चाचणी करून घ्या. जे नीट ऐकूच येत नाही ते तो बोलणार कसं?

राहिलं “मोठा झाला की सुधारेल.” हे मायेने म्हटलं जातं, पण मी ते मान्य करत नाही. चार वर्षांचं मूल काहीतरी सांगायला धावत येतं. समोरच्याला कळत नाही, ते पुन्हा सांगतं. पुन्हा कळत नाही, ते हातवारे करून सांगतं. मग एकदम खांदे पाडून “काही नाही” म्हणतं आणि निघून जातं. ते ‘काही नाही’ वाढत गेलं की मूल शांत होतं, आणि लोक त्याला गुणी म्हणायला लागतात. तुमचा मुलगा अजून बडबडतोय. तो बडबडतोय तोवरच तपासणी करून घ्या.

“मी १३ वर्षांची आहे. माझा ओठ आणि हिरडी दुभंगलेली होती, तान्ही असताना ऑपरेशन झालं. आता डॉक्टर म्हणतात, ओठाचा व्रण आणि नाक अजून चांगलं करता येईल. आईबाबांना करायचंय. मला माहीत नाही. फोटोत मी हात तोंडावर ठेवते हे खरं आहे. पण मला परत ऑपरेशन नको वाटतं. त्यांनी माझ्यासाठी इतकं केलंय, नाही म्हटलं तर मी वाईट मुलगी ठरेन का?”

नाही ठरणार. तुझं पत्र मी दोनदा वाचलं आणि आधी हेच सांगावंसं वाटलं. आईबाबांनी तुझ्यासाठी जे केलं त्याची परतफेड ऑपरेशनला हो म्हणून करायची नसते. तान्ही होतीस तेव्हा निर्णय त्यांनाच घ्यावा लागला. आता चेहऱ्याचा प्रश्न आहे आणि चेहरा तुझा आहे.

पण एक फरक समजून घे. काही ऑपरेशनं थांबू शकतात, काही थांबू शकत नाहीत. हिरडीतल्या फटीत हाड भरतात, बहुतेकदा कमरेच्या हाडातून थोडंसं घेऊन. ते शक्यतो सुळा खाली उतरायच्या आधी करतात, कारण दाताला उतरायला खाली हाड लागतं. ते तुझं झालंय का, हे तू लिहिलेलं नाहीस. झालं नसेल तर तो प्रश्न पहिला विचार, तिथे वेळेला किंमत आहे. व्रण आणि नाक यांचं तसं नाही. चेहऱ्याची वाढ अजून चालू आहे आणि नाकाची शेवटची दुरुस्ती बरेच सर्जन वाढ थांबल्यावरच करतात. वरचा जबडा मागे राहिला असेल आणि तो पुढे आणायचा असेल, तर तेही तेव्हाच. म्हणून डॉक्टरांना स्वतःच्या तोंडाने विचार: हे आत्ताच का? दोन-तीन वर्षांनी केलं तर काय बिघडेल? आत्ता केलं तर पुढे परत करावं लागेल का? चांगला सर्जन या प्रश्नांनी चिडत नाही. चिडला, तर दुसऱ्या सर्जनचं मत घ्यायला आईबाबांना सांग.

‘क्लेफ्ट-क्यू’ नावाची एक प्रश्नावली आहे, ८ ते २९ वर्षांच्या, ओठ किंवा टाळू दुभंगून जन्मलेल्या माणसांसाठी. ती तयार करताना वेगवेगळ्या देशांतल्या अशाच मुलामुलींना विचारलं, की तुम्हाला काय महत्त्वाचं वाटतं. ती आईबाबांनी भरायची नाही, डॉक्टरांनीही नाही, ज्याचं त्याने भरायची. ओठ, नाक, नाकपुड्या, दात, जबडा, व्रण यांविषयी वेगवेगळं विचारलंय. तसंच बोलण्याविषयी, शाळेविषयी, मित्रमैत्रिणींविषयी, मनाविषयी. मला ती आवडते, कारण ती भरताना बऱ्याच मुलांना पहिल्यांदा कळतं की आपल्याला नेमकं काय खटकतं. माझ्याकडची एक मुलगी नाकाच्या ऑपरेशनसाठी म्हणून आली होती. भरून झाल्यावर म्हणाली, नाकाचं मला काहीच नाही, मला हसताना दात दिसतात ते आवडत नाही. तिचं काम ऑर्थोडोंटिस्टकडे तारा लावून झालं. तुझ्या उपचार केंद्रात ही प्रश्नावली असेल तर माग. नसेल तर वहीत स्वतःसाठी लिहून काढ, अगदी प्रामाणिकपणे.

हात तोंडावर ठेवण्याविषयी. व्रण जितका मोठा तितकं दुःख मोठं, असं सगळ्यांना वाटतं. पण ब्रिटनमधल्या मानसशास्त्रज्ञ निकोला रम्सी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वर्षानुवर्षं काम करून दाखवलं, की इतरांना फरक किती ठळक दिसतो यावरून त्या माणसाला किती त्रास होतोय हे ठरत नाही. बारीक रेघेने कुणी पार खचतं आणि ठळक फरक असलेलं कुणी मजेत असतं. रम्सी यांनी नॉर्वेच्या संशोधकांबरोबर २०१० मध्ये प्रसिद्ध केलेल्या एका अभ्यासात किशोरवयीन मुलांना मैत्रीविषयी विचारलं होतं. सोबत्यांनी आपल्याला सामावून घेतलंय असं वाटणं, याचा संबंध स्वतःचं रूप कसं वाटतं याच्याशी घट्ट होता. म्हणून मला तुझ्या ओठाइतकंच तुझ्या मैत्रिणींविषयी जाणून घ्यायचंय. डबा कुणाबरोबर खातेस? मनातलं कुणाला सांगतेस?

लोक खरंच बघतात, ते तुझ्या मनाचे खेळ नाहीत. तरी एक प्रयोग सांगते. १९८० मध्ये क्लेक आणि स्ट्रेंटा या अमेरिकेतल्या दोन मानसशास्त्रज्ञांनी काही जणांच्या चेहऱ्यावर खोटा व्रण रंगवला, त्यांना आरशात दाखवला आणि मग क्रीम लावतो असं सांगून गुपचूप पुसून टाकला. त्यांना ते कळलं नाही. अनोळखी माणसाशी बोलून आल्यावर त्यांनी सांगितलं, की तो माणूस आपल्या व्रणामुळे अवघडला होता. व्रण तर नव्हताच. आपल्याकडे कुणी बघतंय अशी धास्ती असली की साधी नजरही बोचते. तुझ्याकडे पडणाऱ्या दहा नजरांतल्या काही खरोखर ओठाकडे असतील, काही नुसत्याच असतील. कुठली कुठली, हे शोधण्यात दिवस घालवू नकोस.

कुणी विचारलंच तर एक वाक्य तयार ठेव. “जन्मतः माझा ओठ जोडलेला नव्हता, लहानपणी ऑपरेशन झालं, आता दुखत वगैरे नाही.” आणि लगेच दुसरा विषय. हे वाक्य घरी मोठ्याने म्हणून बघ, तुझ्या शब्दांत बसव. विचारणारे बहुतेक जण तेवढ्यावर थांबतात. जे थांबत नाहीत, रोज चिडवतात, नक्कल करतात, त्यांना वाक्याने उत्तर द्यायची जबाबदारी तुझी नाही. दिवस, जागा, कोण काय बोललं हे लिहून ठेव आणि विश्वासातल्या मोठ्या माणसाकडे दे.

आणि पुढे कधी तुला स्वतःलाच ऑपरेशन करावंसं वाटलं, तर तेही खुशाल कर. मन बदलायचा हक्क तुला आहे.

“माझ्या वर्गात असा एक विद्यार्थी आहे. त्याला सगळ्यांसमोर कविता म्हणायला लावावी की वगळावं?”

त्याला विचारा, एकट्याला, आदल्या दिवशी. न विचारता वगळलंत तर वर्गाला संदेश जातो आणि त्यालाही. तो हो म्हणाला तर पूर्ण म्हणू द्या, मधे शब्द दुरुस्त करू नका. आणि कानांचा त्रास असू शकतो म्हणून त्याला पुढच्या बाकावर बसवा.

“वय ३१. टाळूचं ऑपरेशन उशिरा, सात वर्षांचा असताना झालं. आवाज नाकातून येतो. पाणी पिताना कधी कधी नाकात जातं. फोनवर लोक ‘हॅलो, हॅलो’ करून ठेवून देतात. कामात चांगला आहे, पण बैठकीत बोलावं लागेल म्हणून मोठी जबाबदारी नाकारली. एका दवाखान्यात सांगितलं, आता या वयात काही होत नाही. खरं आहे का?”

खरं नाही, आणि असं सांगितलं जातं याचा मला राग येतो. मोठ्या माणसाची टाळू तपासता येते, तोच पातळ कॅमेरा, तेच शब्द. पाणी नाकात जातंय त्या अर्थी टाळूत भोक राहिलेलं असू शकतं. ते शिवता येतं किंवा दातांच्या डॉक्टरांनी बनवलेल्या प्लेटने झाकता येतं. टाळू आखूड असेल तर घशाच्या मागच्या भिंतीची पट्टी टाळूला जोडून नाकाची वाट अरुंद करायचं ऑपरेशन मोठेपणीही होतं. त्यानंतर काहींना घोरणं वाढतं, झोपेत श्वास अडतो, म्हणून आधीपासून घोरत असाल तर सर्जनना स्पष्ट सांगा. नाकातला स्वर कमी होण्याची आशा चांगली असते. घशातून आवाज काढायची सवय मात्र लहानपणापासूनची असते, ती सोडायला मुलांपेक्षा जास्त वेळ लागतो. मोठी माणसं सराव मन लावून करतात, हे तुमच्या बाजूने आहे.

यातलं काहीही न करता, आहे त्या आवाजाने जगायचं ठरवलंत तरी मी तुमच्याच बाजूची आहे. जर्मन तत्त्वज्ञ युर्गेन हाबरमास, जन्म १९२९, यांची टाळू दुभंगलेली होती. लहानपणी ऑपरेशनं झाली, बोलणं तरी पूर्ण स्पष्ट झालं नाही, शाळेत त्रास झाला. २००४ मध्ये क्योटो पुरस्कार घेताना केलेल्या भाषणात त्यांनी हे स्वतः सांगितलं आणि माणसं एकमेकांशी बोलून काय साधतात या आपल्या आयुष्यभराच्या विषयाशी ते अनुभव जोडले. ते जगभर व्याख्यानं देत फिरले, याच आवाजात.

बैठकीसाठी माझ्याकडच्या मोठ्या माणसांना उपयोगी पडलेली एक गोष्ट सुचवते. सुरुवातीलाच सांगून टाका: “माझा आवाज नाकातून येतो. एखादा शब्द कळला नाही तर सरळ विचारा, मला वाईट वाटणार नाही.” समोरच्यांना पुन्हा विचारायचा संकोच असतो म्हणून ते मान डोलावतात आणि आपल्याला वाटतं त्यांना रस नाही. परवानगी मिळाली की ते विचारतात. आणि नाकारलेली ती जबाबदारी अजून रिकामी आहे का, एकदा बघा.

“माझा स्वतःचा ओठ दुभंगलेला होता. मूल हवंय. त्यालाही होईल का? मला जे भोगावं लागलं ते त्याला द्यायचं का, हा विचार सोडत नाही.”

घरात आणखी कुणाला नसेल आणि दुसरा कुठला आजार जोडलेला नसेल, तर धोका साधारण शंभरात तीन ते पाच असतो. म्हणजे पंचाण्णवच्या वर शक्यता न होण्याची. तुमच्या खालच्या ओठावर दोन बारीक खळगे असतील तर मात्र जनुक-तज्ज्ञांना नक्की दाखवा. ‘व्हॅन डर वूड’ नावाच्या एका प्रकारात ते दिसतात आणि त्यात दोष पुढे जाण्याची शक्यता निम्मी असते. फिटची औषधं चालू असतील तर गरोदरपणाआधी डॉक्टरांशी बोला, स्वतःहून बंद करू नका. काही औषधांनी धोका वाढतो. धूम्रपानानेही. फॉलिक ॲसिड तर सगळ्यांनीच आधीपासून घ्यायचं. ओठ गरोदरपणाच्या सातव्या आठवड्यापर्यंत जुळून गेलेला असतो, अनेकींना तोवर दिवस गेल्याचं जेमतेम कळलेलं असतं. म्हणून नंतर कुणी काय खाल्लं, काय केलं याचा हिशेब मांडू नये, आणि कुणाला मांडू देऊ नये.

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर तुमच्या वतीने मी देऊ शकत नाही. पण तुम्ही पत्रासोबत ‘काय भोगलं’ याची यादी पाठवली आहे. मामेभावाचं चिडवणं, शिक्षकांनी नाटकातून काढणं, दात वेळेवर न दाखवणं, घरात त्याविषयी कधीच कुणी न बोलणं, आणि आणखीही काही. ओठ त्या यादीत सातव्या क्रमांकावर आहे. वरच्या सहा गोष्टींपैकी किती तुमच्या घरात होऊ द्यायच्या, हे तुमच्या आणि तुमच्या नवऱ्याच्या हातात असेल.

सोनोग्राफीत १८ ते २२ आठवड्यांदरम्यान ओठ बऱ्याचदा दिसतो, नुसती टाळू मात्र सहसा सुटते. म्हणून बाळ जन्मलं की डॉक्टरांना टॉर्च लावून टाळू बघायला सांगा. फक्त ओठ दुभंगला असेल तर बरीच बाळं अंगावर पितात. टाळू दुभंगलेली असेल तर बाळाला दूध ओढता येत नाही, दाबून दूध देता येणारी मऊ बाटली लागते आणि बाळाला उभट धरून पाजावं लागतं. हे दोन दिवसांत शिकता येतं, पण पहिल्याच रात्री शोधाशोध नको. सोनोग्राफीत काही दिसलं तर प्रसूतीआधीच ओठ-टाळूच्या टीमची नर्स गाठून ठेवा.